लाल डबा, चोवीस पट लहान

खेळण्यांच्या दुकानात मिळणारी लाल बस आणि तुळजापूरच्या स्थानकात फलाटाला लागलेली एसटी यांत फरक फक्त आकाराचा नसतो. दुकानातली बस सगळीकडून सारखीच लाल असते. खरी एसटी कुठेच सारखी लाल नसते. टपाजवळ ती विटून गुलाबीकडे झुकलेली, खिडक्यांखाली ओघळांनी माखलेली, चाकांमागे मातकट, दाराच्या दांड्यापाशी हातांनी घासून उघडी पडलेली. मागून पाहिलं तर मूळ रंग कोणता हे विचारावं लागेल इतकी धुळकट. हाताने छोटी वाहनं बनवणाऱ्यांचं निम्मं कसब हा दुसरा रंग आणण्यात असतं. ऊन, पाऊस, रस्ता आणि माणसं यांनी गाडीवर जे वर्षानुवर्षं केलं ते आपण ब्रशने चार दिवसांत करायचं. या छंदात त्याला वेदरिंग म्हणतात. उरलेलं निम्मं कसब म्हणजे बाजारात न मिळणारे भाग पत्रा, पुठ्ठा, तार यांतून स्वतः घडवणं. त्याचं नाव स्क्रॅच-बिल्डिंग.

जपानी टामिया कंपनीचा रणगाडा बनवणाऱ्याला सगळे भाग खोक्यात तयार मिळतात, त्याला रंगाचीच काय ती काळजी. कळंब आगाराची एसटी कोणत्याच खोक्यात मिळत नाही. त्यामुळे धाराशिव जिल्ह्यात बसून हा छंद करायचा तर पहिल्या दिवसापासून सगळं आपल्यालाच कापायचं असतं. मला यात तोटा दिसत नाही. खोक्यातला रणगाडा करणारा माणूस तो रणगाडा सहसा फोटोतच पाहतो, फार तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयापर्यंत जातो. आपली मूळ वस्तू रोज सकाळी चौकातून जाते.

अमेरिकेतले शेप पेन आणि बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत मळलेल्या, वापरलेल्या प्रतिकृतींची गोडी जगभर लावली. पुढे स्पेनमधल्या मंडळींनी रंग, पूड आणि रसायनांचा मोठा बाजारच उभा केला. त्यांच्या पद्धती उपयोगी आहेत, पण त्या युरोपातल्या चिखलासाठी आणि पोलादी रणगाड्यांसाठी घडलेल्या आहेत. एसटीवर त्या जशाच्या तशा लावल्या की गाडी एसटी राहत नाही. का, ते पुढे येईलच.

पहिला निर्णय साल आणि आगार यांचा. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हापासून आजपर्यंत ‘एसटी’ नावाची एकच गाडी कधी नव्हतीच. टपावर सामानाचा कठडा आणि मागे शिडी असलेली गाडी वेगळी, सरकत्या काचांची परिवर्तन वेगळी, अलीकडची पोलादी बांध्याची वेगळी. धाराशिव विभागात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम आणि परंडा अशी सहा आगारं आहेत. यांतलं एक निवडायचं आणि त्याच्याशी प्रामाणिक राहायचं. पाटीवर ‘उस्मानाबाद’ लिहिलं तर गाडी २०२३ च्या आधीची झाली. मग महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत सांगणारा कागद तिच्यात चिकटवता येणार नाही, कारण ती सवलत मार्च २०२३ पासूनची आहे.

नंबरप्लेटवर तर भलेभले फसतात. धाराशिवच्या परिवहन कार्यालयाचा क्रमांक एमएच २५, म्हणून प्रतिकृतीवर एमएच २५ रंगवला जातो. पण एसटीच्या गाड्यांची नोंदणी त्या धावतात तिथे होत नाही. महामंडळ टाटा आणि अशोक लेलँड यांच्याकडून नुसत्या चासी घेत असे आणि त्यांवर बांधा आपल्याच मध्यवर्ती कार्यशाळांत चढवत असे: पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. दापोडीतून निघालेल्या गाड्यांवर बहुधा एमएच १४ दिसतो, चिकलठाण्याच्या गाड्यांवर एमएच २०, हिंगण्याच्या गाड्यांवर एमएच ४०. उमरग्याच्या स्थानकात उभी असलेली गाडी कुठे जन्मली ते या दोन आकड्यांवरून कळतं. जाणकार माणूस प्रतिकृतीत आधी हेच पाहतो.

आता माप. किती पट लहान करायचं हे ठरवताना आपल्याला सगळ्यात अवघड काय जातं तिथून सुरुवात करावी. बसच्या बाबतीत ते टायर. एसटीच्या टायरचा व्यास साधारण एक मीटर, रुंदी पाव मीटरच्या आसपास. चोवीस पट लहान केलं तर व्यास ४२ मिलिमीटर आणि रुंदी ११ मिलिमीटरच्या जवळ येते. हे माप सोयीचं आहे, कारण जुन्या रबरी स्लीपरच्या तळातून एवढी चकती कापता येते. चपलेच्या तळाची चाकं करून गाडी पळवणं मराठवाड्यातल्या गावांत नवं नाही. इथे फक्त कापल्यावर ती ड्रिल मशीनच्या दांडीवर बसवून फिरवायची आणि पॉलिश पेपरने गोल करायची. टायरवरची नक्षी गरम केलेल्या ब्लेडच्या पाठीने उमटवता येते. मागच्या आसाला दोन्ही बाजूंनी जोडचाकं असतात हे विसरू नये, म्हणजे एकूण चकत्या सहा. स्टेपनी दाखवायची असेल तर सात.

चोवीस पटीचा आणखी एक फायदा आहे. फुटाचा अर्धा इंच होतो, आणि खऱ्या गाडीवरचा एक इंच प्रतिकृतीत जवळपास एक मिलिमीटर भरतो. गॅरेजातली भाषा आजही फूट, इंच आणि सूत अशीच आहे. मिस्त्री ‘दोन इंची पट्टी’ म्हणाला की आपण दोन मिलिमीटर कापायचे. लहान भागांना हा हिशेब पुरतो, लांबीला मात्र नीट भागाकार करावा. गाडी ११ मीटरची धरली तर प्रतिकृती ४६ सेंटिमीटरला थोडी कमी येते. एवढी जागा कपाटात आहे की नाही हे आधी घरच्यांना विचारलेलं बरं.

जिल्ह्यातलंच दुसरं वाहन ज्यांना खुणावतं, त्यांच्यासाठी मापाचं उत्तर वेगळं येतं. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढे येडशीवरून १९११ मध्ये लातूरला पोचली. तिच्या रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. सत्याऐंशी पट लहान केलं तर ते पावणेनऊ मिलिमीटर भरतं आणि बाजारात ९ मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. म्हणून बार्शी लाइटची प्रतिकृती सत्याऐंशी पटीतच सोयीची. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघु रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. एवढ्याशा डब्यावर किती तपशील मावतो याचा अंदाज तिथे येतो. आपण मात्र रस्त्यावरच राहू.

मोजमाप घ्यायला आगारात जावं लागतं आणि आगार व्यवस्थापकांची परवानगी काढावी लागते. फोटो काढताना शक्य तितकं लांब उभं राहून झूम करावं. जवळून काढलेल्या फोटोत गाडीचं तोंड फुगतं आणि शेपूट बारीक होतं, त्यावरून मापं काढली की पुढची खिडकी मागच्या खिडकीहून मोठी येते. प्रत्येक बाजूच्या फोटोत एखादी माहीत असलेली लांबी असू द्यावी. गाडीला टेकवून ठेवलेली एक मीटरची पट्टी सगळ्यात सोपी. एक फोटो पुलावरून किंवा स्थानकाच्या गच्चीवरून टपाचाही हवा. टप कोणी पाहत नाही, पण प्रतिकृती आपण नेहमी वरूनच पाहतो.

सांगाडा तीन मिलिमीटरच्या सनबोर्डाचा करावा, तो कटरने सहज कापला जातो. थर्माकोल टाळावं. स्प्रेच्या डब्यातलं द्रावक लागलं की ते जागच्या जागी विरघळून खड्डा पडतो. त्या सांगाड्यावर चढवायचा पत्रा मात्र खरा पत्राच असावा असं माझं मत आहे, आणि तो फुकट मिळतो. शीतपेयाच्या डब्याची भिंत ॲल्युमिनियमची असते, जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. जुन्या एसटीचा बाहेरचा पत्राही ॲल्युमिनियमचाच. डबा उभा चिरून, वरचं-खालचं झाकण काढून, पत्रा टेबलाच्या कडेवर ओढला की सपाट होतो. कडा ब्लेडसारख्या धारदार असतात, जाड हातमोजे घालावेत. या पत्र्यावर पोचा पाडायचा तर रंगवून दाखवावा लागत नाही. बोटाने दाबलं की खराच पोचा पडतो आणि त्याच्या सुरकुत्याही खऱ्या येतात. प्लॅस्टिकवर हे जन्मात जमत नाही.

रिव्हेट हा एसटीचा दागिना. पत्र्याच्या प्रत्येक जोडावर त्यांची रांग असते. शिंप्याकडे कापडावर खुणा उमटवायची दातेरी चकती असते. पत्रा उलटा करून जुन्या रबरी मॅटवर ठेवायचा, पट्टी लावून चकती फिरवायची, की पुढच्या बाजूला ठिपक्यांची सरळ ओळ उठते. चकतीचे दाते जिथे फार जवळ असतील तिथे एकाआड एक दाता घासून टाकावा. ओळ थोडी वाकडी गेली तर त्या जागी ठिगळ लावावं. खऱ्या गाडीवरही अपघातानंतर पत्र्याचा चौकोनी तुकडा वरून मारलेला असतो, त्याचे रिव्हेट बाकीच्यांशी जुळत नाहीत आणि त्याचा लाल रंग जरा ताजा असतो. असं एक ठिगळ मागच्या कोपऱ्यात हमखास शोभतं, कारण स्थानकात गाडी मागे घेताना वाहकाची शिट्टी ऐकू येईपर्यंत कधीकधी उशीर झालेला असतो.

शिडी, कठडा, खिडक्यांचे गज आणि दारातला दांडा यांसाठी तांब्याची तार लागते. मोटार रिवाइंडिंगचं दुकान मराठवाड्यात प्रत्येक बाजाराच्या गावात सापडतं, कारण शेतातले पंप जळतच असतात. तिथे वेगवेगळ्या जाडीच्या तारांचे तुकडे पडलेले असतात. एक इंची नळीसाठी एक मिलिमीटरची तार, अर्ध्या इंचाच्या गजासाठी अर्ध्या मिलिमीटरची. तारेवरचं वार्निश घासून काढल्याशिवाय डाख धरत नाही. तार सरळ करायची तर एक टोक पक्कडीत धरून दुसरं ओढावं. जरासा ताण बसला की ती एकदम ताठ होते.

आतलं काम आवडेल तितकं वाढवता येतं. माझ्या मते तीन गोष्टी पुरेत, कारण खिडकीतून त्याच दिसतात: रेक्झीन फाटून आतला स्पंज बाहेर आलेलं एक आसन, टपाखालून गेलेली घंटीची दोरी, आणि पुढच्या पट्टीवर ‘धूम्रपान करू नये’सारखी एखादी सूचना. दोरी शिवणाच्या दोऱ्याची, पण ती थोडी लोंबती ठेवावी. ताठ दोरीची एसटी कुणी पाहिली आहे?

गाडी उभी कशी राहते हेही इथेच ठरतं. नव्या प्रतिकृती चारही चाकांवर सरळ उभ्या असतात. वापरातली एसटी स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेली असते आणि बऱ्याचदा एका अंगाला कललेली. मागच्या डाव्या पाट्यांची उंची अर्धा मिलिमीटर कमी ठेवली तरी फरक दिसतो. याहून जास्त केलं तर गाडी नादुरुस्त वाटते.

आता रंग. सगळ्यात खाली प्राइमर, त्यावर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक लाल आणि पिवळा पट्टा. हा क्रम मुद्दाम सांगतो आहे. पुढची सगळी मळवण तैलरंग आणि टर्पेंटाइनने करायची असते. टर्पेंटाइन सुकलेल्या ॲक्रिलिकला सहसा धक्का लावत नाही, एनॅमलला मात्र सोडवतं. खाली एनॅमल आणि वर टर्पेंटाइन असं केलं की लाल रंगच ब्रशवर येतो.

रंग उडतो कसा हे कळलं तर तो उडवताही येतो. उन्हातले अतिनील किरण रंगाला बांधून ठेवणारा राळेचा थर मोडतात, रंगाचे कण सुटे होतात आणि पृष्ठभागावर खडूसारखी पूड येते. हात लावला की हाताला लागते. सूर्य डोक्यावर असतो म्हणून टप आणि टपाची गोलाई सगळ्यात आधी विटते, मग खिडक्यांच्या वरची पट्टी, आणि खिडक्यांखालचा उभा पत्रा सगळ्यात शेवटी. प्रतिकृतीवरही लाल रंग वरून खाली गडद होत गेला पाहिजे. लाल फिका करायला नुसता पांढरा घातला की लग्नाच्या पत्रिकेचा गुलाबी होतो, म्हणून पांढऱ्याबरोबर पिवळी माती, म्हणजे यलो ओकर, थोडी घालावी. त्यानंतर एकेका पत्र्यावर तैलरंगाचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके द्यावेत: पांढरा, ओकर, तपकिरी, एखादा निळाही. टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळपास कोरड्या केलेल्या सपाट ब्रशने ते वरून खाली ओढावेत. ठिपके नाहीसे होतात आणि पत्रा एकरंगी राहत नाही. कॅम्लिनचे तैलरंग यासाठी उत्तम. परदेशी बाटल्या मागवायची गरज या टप्प्यावर तरी नाही.

रंगाचे पोपडे उडालेले दाखवायला हेअरस्प्रेची युक्ती आहे. प्राइमरवर चंदेरी थर, त्यावर साध्या हेअरस्प्रेचे दोन हात, तो सुकला की लाल ॲक्रिलिक. तासाभरात त्या जागेवर पाणी लावून आखूड केसांच्या ब्रशने टोचलं की हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा लाल रंग तुकड्यातुकड्यांनी निघतो. लाल रंग पुरता पक्का झाल्यावर, चार दिवसांनी हे करायला गेलं तर काही होत नाही. पोपडे कुठे काढायचे याला नियम एकच: जिथे काहीतरी घासतं तिथे. दाराची कड, पायरी, डिझेलच्या टाकीचं झाकण, मागचा कोपरा ज्या उंचीवर भिंतीला टेकतो ती रेघ.

आणि आता तो युरोपी रणगाड्यांचा प्रश्न. गंज. नवशिका माणूस जुनेपण म्हणजे गंज समजतो आणि सगळ्या गाडीवर नारिंगी-तपकिरी डाग देतो. पण जुन्या एसटीचा पत्रा ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम तसं गंजत नाही. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, पत्रा निस्तेज राखाडी होतो, फार झालं तर पांढरी पूड धरते. खिडकीखालच्या पत्र्यावरचा पोपडा उडाला की तिथे नारिंगी दिसता कामा नये, मळकट राखाडी दिसलं पाहिजे. नारिंगी रंगाला जागा आहेत, पण मोजक्या: बंपर, चासी, चाकाची डिस्क, गज, बिजागऱ्या, पायऱ्यांच्या कडा आणि लोखंडी स्क्रू. दुरुस्तीत चुकून लोखंडी स्क्रू मारलेला असेल तर त्याच्याखाली एक बारीक तपकिरी ओघळ लाल पत्र्यावर उतरतो. तो दाखवला की पाहणाऱ्याला दोन्ही धातू कळतात. आणखी एक जागा सूक्ष्म आहे. आतली चौकट लोखंडी असेल आणि बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा ओलाव्यात तिला टेकत असेल, तर दोघांतला ॲल्युमिनियम झिजतो. तिथे रंग फुगतो, बुडबुड्यासारखा उठतो आणि आत पांढरी भुकटी असते. पत्र्याच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीजवळ असे दोन-तीन फोड पुरेत. पोलादी बांध्याच्या नव्या गाड्या निवडल्या तर हा सगळा हिशेब उलटतो, तिथे गंज हक्काने द्यावा. एसटीच्या प्रतिकृतीवरच्या प्रत्येक डागाला ‘तू कुठून आलास’ असं विचारता आलं पाहिजे. त्याला सांगता येत नसेल तर तो पुसावा.

धुळीकडे वळू. धाराशिवची जमीन दख्खनच्या बेसाल्टची. बालाघाटाच्या माथ्यावर मुरूम, सखल भागात काळी. गाडी काळ्या रानांतून जाते म्हणून धूळ काळी रंगवली जाते, आणि ती चूक आहे. काळी माती ओली असताना काळी असते. वाळून बारीक झाली की प्रकाश विखुरते आणि करडी-तपकिरी दिसते. मुरमाची धूळ त्याहून पिवळसर. कोकणातल्या गाडीवर जांभ्याची तांबडी धूळ असते. तीच कुणी परंड्याच्या गाडीवर लावली तर गाडी चुकून रत्नागिरीहून आल्यासारखी वाटते.

खरी माती वापरावी का? वापरावी, पण गाळून. चोवीस पटीत एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे अडीच मिलिमीटरची खडी. दारावर खडी चिकटलेली गाडी कुणाला पटणार नाही. मलमलीच्या कापडातून चाळून भागत नाही, पाण्याने वेचावी लागते. उंच ग्लासात दहा सेंटिमीटर पाणी घेऊन त्यात माती ढवळावी, एक मिनिट थांबावं आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात हळूच ओतून घ्यावं. जड कण तळाशी बसलेले असतात, गढूळ पाण्यात राहतात ते साधारण ०.०४ मिलिमीटरपेक्षा बारीक. हे पाणी दिवसभर स्थिर ठेवलं की तळाशी जो गाळ बसतो तो आपला रंग. काळ्या मातीचा गाळ याहून फार बारीक असतो, तो बसायला दोन-तीन दिवस घेतो. वाळवताना तव्यावर मंद आचेवर ठेवायला हरकत नाही, त्याने बुरशीची भीती जाते. आच मोठी झाली की मातीतली पिवळी लोहसंयुगं लाल होतात आणि मुरमाचा रंग विटेसारखा येतो. काळ्या मातीत आणखी एक खोड आहे: ती ओली झाली की फुगते आणि वाळताना तडकते. जाड थर दिला तर चाकाच्या कमानीत मे महिन्यातलं शेत दिसतं.

ही पूड कोरड्या मऊ ब्रशने लावायची आणि जिथे टिकवायची आहे तिथे टर्पेंटाइनचा एक थेंब ब्रशच्या टोकाने टेकवायचा. तो आपोआप पसरतो, पूड क्षणभर काळपट होते आणि सुकली की मूळ रंगावर येते. वरून वार्निश मारायचं नाही. वार्निशने धूळ कायमची ओली दिसते. म्हणून रंगांवरचं मॅट वार्निश धुळीच्या आधी, धूळ सगळ्यात शेवटी.

कुठे किती, याचं उत्तर हवेत आहे. गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, भोवरे उठतात आणि चाकांनी उडवलेली धूळ मागच्या पत्र्याकडे ओढली जाते. गाडीचं तोंड मळतं कमी आणि पाठ मळते सगळ्यात जास्त ती यामुळे. मागच्या काचेवर इतकी धूळ असते की पोरं त्यावर बोटाने नावं लिहितात. या अक्षरांची रेघ टूथपिकने अर्ध्या मिलिमीटरची काढावी. तोंडावर धुळीऐवजी किडे. पहिल्या पावसानंतरच्या रात्रीची फेरी करून आलेल्या गाडीच्या दिव्यांभोवती त्यांचे पिवळट-काळे ठिपके असतात. पुढच्या काचेवर वायपरची कमान दाखवायची तर टेपचा तुकडा कमानीच्या आकारात कापून चिकटवावा, वर धूळ द्यावी, टेप काढावी. उमरग्याची गाडी पुणे-हैदराबाद महामार्गावर धावते, तिच्यावर धूळ कमी आणि तेलकट काजळी जास्त. भूम-परंड्याच्या आडगावांच्या फेऱ्या करणारी गाडी कमरेपर्यंत मातीची असते. सायलेन्सरचं तोंड डावीकडे ठेवत नाहीत, कारण डावीकडे दार आणि चढणारी माणसं. काजळीचा डागही म्हणून डावीकडे नको. डिझेलच्या झाकणाखाली सांडलेल्या डिझेलचा ओघळ हवा. त्यावर धूळ चिकटून तो गडद आणि किंचित चकचकीत होतो, सगळ्या मॅट गाडीवर तेवढीच एक चमक.

ओघळांना दिशा असते, आणि हा तपशील मी फार कमी प्रतिकृतींत पाहिला आहे. उभ्या गाडीवर पडलेल्या पावसाचा ओघळ सरळ खाली उतरतो. धावत्या गाडीतून बाहेर पडलेलं जे काही असतं ते मागे कलतं. खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून निघणारे धुळीचे ओघळ म्हणून उभे, आणि पान-तंबाखूचे तिरपे. घाटात लागून उलटी झालेल्या प्रवाशाचे ओघळ तर अगदी तिरपे आणि खिडकीपासून दोन-तीन खिडक्या मागेपर्यंत गेलेले. विषय किळसवाणा आहे, मान्य. पण तुळजापूरच्या घाटातून उतरणारी गाडी याशिवाय पूर्ण होत नाही. फिकट ओकर आणि थोडा पांढरा, खूप पातळ करून, एकाच खिडकीपासून निघालेले. दोन खिडक्यांपासून काढले की विनोद होतो. आगारात गाडी धुतली जाते हेही लक्षात ठेवावं: माणसाचा हात आणि ब्रश पोचतो तिथपर्यंत पत्रा स्वच्छ, त्याच्या वर आणि खिडकीच्या रबराच्या खाचेत मळ तसाच. ही धुण्याची रेघ साधारण खिडकीच्या मध्यावर येते.

सणांचे डाग वेगळे ठेवावेत. खंडेनवमीला आगारात गाड्यांची पूजा होते, पुढच्या जाळीला झेंडूची माळ चढते, पत्र्यावर हळदी-कुंकवाची बोटं उमटतात. प्रतिकृती दसऱ्याची असेल तर हळद ठळक पिवळी चालेल. गाडी जानेवारीतली असेल तर हळद जवळपास दिसू नये, कारण उन्हात ती विटते; कुंकवाची खूण मागे राहते आणि माळेतली फुलं तपकिरी होऊन दोऱ्याला लोंबत असतात. पिवळ्या स्पंजाचे कण दोऱ्यात ओवून त्यांना पातळ तपकिरी रंग दिला की ही माळ होते. दिवाळीपासून पुढे ऊस सुरू होतो, तेव्हा चाकाच्या कमानीत उसाच्या पाचटाचा एखादा तंतू अडकवायलाही हरकत नाही.

हे सगळं एका बैठकीत करू नये. एक बाजू झाली की गाडी दोन दिवस बाजूला ठेवून द्यावी आणि तेवढ्यात स्थानकावर जाऊन खरी गाडी पाहून यावी. हात सुटला की माणूस मळवतच जातो. पिवळा पट्टा दहा फुटांवरून ओळखू आला पाहिजे, पाटी वाचता आली पाहिजे. ते होत नसेल तर ओल्या कापसाने धूळ थोडी कमी करावी.

तयार गाडी काचेच्या पेटीत ठेवावी. धाराशिवच्या उन्हाळ्यात खिडकी उघडी राहिली की घरातली धूळ तिच्यावर बसते, आणि त्या धुळीत कापसाचे तंतू, केस आणि वाळूचे कण असतात, टपावर चोवीस पटीने दोरखंड आणि दगड दिसू लागतात. ती फडक्याने पुसायला जाऊ नये, आपण लावलेली धूळही त्याबरोबर निघते. कॅमेऱ्याची काच साफ करायचा रबरी फुगा मिळतो, त्याने लांबून फुंकर घालावी.